सत्तरच्या पुढे मागून घुमतं. टायर बदलले, शॉक बदलले, तरी घुमतंच

चाकरमानी
शनिवार, रात्री ११.५०

मंडळी, तीन महिने आणि सव्वीस हजार रुपये घालवून झाल्यावर हा धागा काढतोय. आधीच काढायला हवा होता हे बायकोने सांगून झालंय, तुम्ही पुन्हा सांगू नका.

गाडी सात सीटर डिझेल, २०१४ ची, एक लाख बारा हजार किलोमीटर. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे पाट्यांचे स्प्रिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की दुसऱ्या प्रतिसादापासून "ही गाडी घेतलीतच कशाला" सुरू होतं आणि धाग्याचं काश्मीर होतं.

त्रास असा. पासष्टपर्यंत गाडी गुणी. सत्तरला मागून काहीतरी सुरू होतं, ऐंशीला कळस, पंच्याण्णवच्या पुढे उतरतं. स्टेअरिंगला काहीही नाही, एका बोटाने धरा. जे आहे ते बुडाखाली आणि पाठीत. आरशात मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसतात. मधल्या रांगेत बाटली ठेवली तर पाण्यावर बारीक जाळी उठते. आई मागे बसते, तिचं म्हणणं, "पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून सातारला गेल्यासारखं वाटलं." पहिल्यांदा जाणवलं ते त्याच प्रवासात. दसऱ्याला निघालो होतो, कळंबोली सोडून एक्स्प्रेसवेला लागलो आणि सुरू.

आतापर्यंत केलेले उपाय: चारी चाकांचं बॅलन्सिंग दोनदा, अलाइनमेंट, मागचे दोन टायर नवे, मागचे शॉक नवे. फरक शून्य. नव्या शॉकमुळे खड्ड्यात बरं वाटतं, तेवढंच.

पुढे काय बघू?

मीटरगेज
शनिवार, रात्री १२.१०

बॅलन्सिंग करणाऱ्याचं मशीन नीट आहे का ते आधी बघा. एक साधी परीक्षा आहे. चाक मशीनवर लावून आकडा बघायचा, चाक सैल करून अर्धा वळसा फिरवून पुन्हा लावायचं, पुन्हा आकडा बघायचा. दोन्ही वेळा जवळपास तोच यायला हवा. आमच्या इथल्या एकाकडे दोन वेळा लावलं तर दोन वेगळे आकडे आले, आणि हा इसम दोन्ही वेळा तितकीच वजनं ठोकायला तयार!

रात्रपाळी
वाचतोय. पाण्याच्या जाळीचा फोटो टाका शक्य असेल तर.

ठाणेकरीण
रविवार, सकाळी ७.३०

नवे टायर म्हणजे चांगले टायर असं नसतं हो. कडेवर शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात पाच वर्षं पडून राहिलेला टायरही 'नवा' म्हणूनच विकतात. माझ्या गाडीत एका टायरच्या आतला पट्टा सुटला होता. बाहेरून नजरेला काही दिसेना, पण तळवा फिरवला की एके ठिकाणी टेंगूळ लागायचं.

दुसरं म्हणजे रिमची आतली बाजू. आपल्याकडे सगळीकडे काँक्रीटची कामं चालू आहेत, ओल्या सिमेंटच्या चिखलातून गाडी गेली की रिममध्ये गोळा वाळून बसतो. आणि तिसरं, चाक काढल्यावर हबचं (चाक ज्यावर आवळतात तो भाग) तोंड लोखंडी ब्रशने घासून घ्या. खाऱ्या हवेने तिथे गंजाचे पापुद्रे धरतात, चाक त्यावर कणभर तिरकं बसतं आणि मशीनवर शून्य आलेलं चाक गाडीवर डुलतं.

पण सगळ्यात आधी फुकटचं काम करा. पुढची चाकं मागे, मागची पुढे. कंप पुढे आला, स्टेअरिंगमध्ये आला, तर दोष चाकात. जागेवरच राहिला तर चाकांचा नाद सोडा.

(अवांतर: नव्या काँक्रीट रस्त्यांवर आडव्या चरांमुळे जो सूं आवाज येतो तो गाडीचा नव्हे. माझा नवरा त्यापायी दोन बेअरिंगं बदलून बसलाय.)

चाकरमानी
रविवार, रात्री ९.१५

@ठाणेकरीण, टायर यंदाचेच आहेत. आज दुपारी बिल्डिंगच्या खाली घाम गाळून चाकं अदलाबदल केली. हबही घासले, मागच्या डाव्या हबावर खरंच पापुद्रे होते. रिम स्वच्छ. संध्याकाळी ईस्टर्न एक्स्प्रेसवर मुलुंडपासून जागा मिळेल तिथे ऐंशी गाठलं. कंप तिथेच, तेवढाच. स्टेअरिंग पूर्वीसारखंच शांत.

म्हणजे मागचे दोन टायर उगाच घेतले ना? हे बायकोला सांगणार नाहीये.

निवृत्त_फिटर
सोमवार, सकाळी ६.०५

पहिला प्रश्न, अलाइनमेंटचे पैसे मागच्या एक्सलचे पण घेतले का? पाट्यावर बसलेला सलग एक्सल आहे, त्यात फिरवायला आहे काय?

असो. बेस्टच्या वर्कशॉपात तीस वर्षं घालवली, त्यातला बराच काळ बशींच्या पोटाखाली. म्हणून विचारतो. थरथर आहे की घूं आहे? नीट आठवून सांगा. चाक बिघडलं तर गाडी हलते, मोजता येईल अशी, सेकंदाला दहाएक वेळा. पोट हलतं, गाल हलतात. आणि चाकापेक्षा जोरात फिरणारं काही बिघडलं तर घुमतं. ते कानाला जवळजवळ आवाजासारखं लागतं, बुडाला मुंग्या आल्यासारखं होतं. तुमच्या मातोश्री गिरणी म्हणतात. गिरणी हलत नाही, गिरणी घुमते. त्यांचं बोलणं मला तुमच्या बॅलन्सिंगवाल्यापेक्षा पटतंय.

आता तीन गोष्टी करून सांगा. सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर पंच्याऐंशी गाठा, गाडी न्यूट्रल करा आणि वेग आपोआप पडू द्या. इंजिन बंद करायचं नाही, चुकूनसुद्धा नाही, ब्रेकचा जोर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही जाईल. उतारावरही नको. न्यूट्रलला कंप मेला तर इंजिन-क्लचकडे बघू, राहिला तर गिअरबॉक्सच्या मागे. दुसरं, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना जास्त की सोडल्यावर जास्त? तिसरं, एकटे असताना आणि गाडी भरलेली असताना फरक पडतो का?

मीटरगेज
काका, सायलेन्सर बॉडीला टेकत असेल तर? हँगरचं रबर तुटलं की असंच घुमतं.

निवृत्त_फिटर
घुमतं, बरोबर. पण मग ते इंजिनाच्या फेऱ्यांवर घुमेल, उभ्या गाडीत रेस दिली तरी ऐकू येईल. यांचं वेगावर आहे.

चाकरमानी
बुधवार, सकाळी ७.००

काका, पहाटे साडेपाचला फ्रीवेवर जाऊन आलो. चेंबूरकडून चढून पी. डिमेलो रोडपर्यंत आणि परत.

न्यूट्रलला कंप जात नाही. किंचित मऊ होतो, पण आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर थोडा जास्त, सोडल्यावर थोडा कमी, फार फरक नाही.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र चक्रावलो. परतताना बहिणीकडची पाच माणसं घेतली (त्यांना दादरला ट्रेन पकडायची होती, माझी परीक्षा आणि त्यांची सोय). गाडी भरलेली असताना कंप निम्म्यावर! मी तर उलट समजत होतो, वजनाने वाढेल म्हणून.

आणि हो, घूं आहे. थरथर नाही.

निवृत्त_फिटर
बुधवार, सकाळी ७.४०

माणसं बसली की कमी होतो! हेच हवं होतं. पाटे दबतात, एक्सल बॉडीच्या जवळ येतो, गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे ताकद नेणारा जो लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, त्याचा कोन कमी होतो. कोनाशी नातं असलेला दोष आहे तुमचा. त्या शाफ्टवर माझा संशय. पण माझ्या शब्दावर गाडी उघडू नका, आकडा काढा.

आकडेमोड
बुधवार, सकाळी ११.२०

आकडा माझ्याकडे द्या. टायरचा साइज आणि डिफरन्शियलचा रेशो सांगा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या. रेशो मॅन्युअलमध्ये मागच्या पानांत असतो.

चाकरमानी
२१५/७५ आर १५. रेशो ३.७३.

आकडेमोड
बुधवार, दुपारी १.०५

टायरचा घेर वजनाखाली दबून साधारण २.१५ मीटर धरू. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. चाक सेकंदाला १०.३ फेऱ्या मारतं. शाफ्ट त्याच्या ३.७३ पट, म्हणजे साडेअडतीस. आणि शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, कोनात फिरताना एका फेरीत दोनदा झटका देतो, म्हणजे ७७.

तीन दोषांचे तीन आकडे: चाक किंवा ड्रम, १० हर्ट्झ (सेकंदाला दहा वेळा). शाफ्ट तोल सुटलेला किंवा वाकलेला, ३८. क्रॉस किंवा कोन, ७७.

फोनमध्ये कंपन मोजणारं कुठलंही फुकट ॲप टाका. फोन सीटच्या गादीवर ठेवू नका, गादी सगळं पिऊन टाकते. मधल्या सीटचा लोखंडी रूळ असतो ना, त्याला दुहेरी चिकटपट्टीने पक्का चिकटवा. बऱ्याच फोनांचा सेन्सर सेकंदाला साधारण दोनशे वेळा मोजतो, त्यामुळे शंभरच्या वरचं त्याला विचारू नका, तो खोटं सांगेल. वेग गाडीच्या काट्यावर बघू नका, जीपीएसवर बघा, काटा चार-पाचने पुढे बोलतो. आणि फोन दुसऱ्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही.

चाकरमानी
शनिवार, रात्री १०.३०

भाच्याला घेऊन आज अटल सेतूवर गेलो. शिवडीहून चढलं की जवळजवळ बावीस किलोमीटर सिग्नल नाही, रिक्षा नाही, मधे कुणी शिरत नाही. शंभरची मर्यादा, मी ऐंशीवर एका लेनमध्ये. मुंबईत ऐंशीचा वेग सलग दहा मिनिटं ठेवायचा तर दुसरी जागा सुचली नाही. एका बाजूचे अडीचशे रुपये टोल. कंप मोजायला टोल भरणारा मी पहिलाच असेन.

पुलाच्या सांध्यांवर ठक-ठक येते तेव्हाचं सोडून बाकीचं धरलं. भाच्याने वाचलेला आकडा: ७७. सत्तरला ६७-६८. साठला ॲपच्या आलेखात ५८ला बारीकशी शेंडी. दहावर काहीही नाही. चौथा गिअर होता.

गॅरेजकट्टा
शनिवार, रात्री ११.००

एक मिनिट. चौथ्या गिअरला ८० म्हणजे इंजिन तेवीसशेच्या आसपास. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोन ठोके देतं. २३१० भागिले ६०, गुणिले २, बरोबर ७७! शाफ्टबिफ्ट काही नाही, इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) गेलंय. दोन हजारात विषय संपला. उगाच काकांच्या नादी लागून शाफ्ट उतरवू नका.

मीटरगेज
+१. माउंटिंगच.

रात्रपाळी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आकडेमोड
रविवार, सकाळी ८.१५

चूक माझी, सांगायला हवं होतं. बहुतेक अशा गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, एकास एक. इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. इंजिन फेरीला दोन ठोके देतं, क्रॉसही फेरीला दोन झटके देतो, मग दोघांचा आकडा एकच येणार. चौथ्यात मोजलं तर चोर कोण आणि साव कोण ते कळायचं नाही. पाचव्यात मोजा. पाचवा ०.८ धरला तर ऐंशीला इंजिन साडेअठराशे, त्याचा आकडा ६२ वर जाईल. शाफ्टचा ७७ लाच राहील.

गॅरेजकट्टा
हे मान्य. पण न्यूट्रललाही किंचित मऊ होतो म्हणालेत ना, म्हणून मला वाटलं.

निवृत्त_फिटर
मऊ होतो, कारण ताकद काढून घेतली. जात नाही, कारण शाफ्ट अजून फिरतोय. माउंटिंग असतं तर न्यूट्रलला गाडी गप्प झाली असती.

चाकरमानी
रविवार, रात्री ८.४०

पुन्हा अडीचशे.

पाचव्यात दोन शेंड्या. एक ६१-६२ ला, छोटी. दुसरी ७७, तिच्या तिप्पट. मग न्यूट्रल केलं, ६२ ची गायब, ७७ ची उभी. वेग पडत गेला तशी ती डावीकडे सरकत आली, ७२, ६८, ६३, आणि साठच्या खाली विरली. भाचा म्हणाला, "मामा, हे तर दिसतंय!" त्याला इंजिनिअरिंगला घालावं म्हणतोय.

निवृत्त_फिटर
सोमवार, सकाळी ६.१०

आता बोलतो.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो, अधिकच्या चिन्हासारखा, चारी टोकांना सुईसारख्या रोलरच्या वाट्या. त्याची एक खोड आहे. कोनात फिरवला की इकडून सारखी गती दिली तरी तिकडे ती सारखी निघत नाही. एका फेरीत दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे राहतो. हे मोडून पडलेलं नाही, नव्या कोऱ्या क्रॉसचंही असंच. म्हणून तर दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस. पहिल्याने जेवढं पुढे ढकललं तेवढं दुसरा मागे ओढतो आणि डिफरन्शियलला पोचताना हिशोब मिटतो.

पण हिशोब मिटायला दोन अटी. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कान एका रेषेत हवेत. कान म्हणजे योकचे दोन पाय, ज्यात क्रॉस बसतो. तुमच्या गाडीत शाफ्ट एकच असेल आणि पुढच्या बाजूला स्लिप जॉइंट, दात्यांवर मागेपुढे सरकणारा. शाफ्ट कधी उतरवला आणि स्लिप बाहेर निघाला, तर तो कुठल्याही दात्यावर परत बसतो. बसतो म्हणून बसवतात. कान फिरले की दुसरा क्रॉस पहिल्याचं मिटवायच्या ऐवजी त्यात भर घालतो.

म्हणून प्रश्न. गाडीच्या पोटाखाली शेवटचा हात कुणाचा लागला आणि कधी?

चाकरमानी
सोमवार, सकाळी ९.३०

कुणाचाच नाही काका. शॉक बदलले ते दसऱ्याच्या नंतर, त्रास दसऱ्याला सुरू झाला. त्याआधी नुसती सर्व्हिसिंग, ऑइल, फिल्टर.

ठाणेकरीण
सोमवार, सकाळी १०.०५

थांबा. दसऱ्याला सुरू झाला की दसऱ्याला कळला? त्याआधी ऐंशीवर शेवटचे कधी गेला होतात?

चाकरमानी
सोमवार, दुपारी १.२०

डबा खाता खाता तुमचा प्रश्न वाचला आणि घास तसाच राहिला.

भांडुप ते अंधेरी, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. तिथे चाळीस गाठलं तर पेढे वाटतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस, खड्डे, कुठेही बाहेर गेलो नाही. दसऱ्याआधीचा ऐंशीचा वेग म्हणजे मे महिन्यात कोकणातून परतताना. तेव्हा गाडी ठीक होती.

आणि जूनमध्ये क्लच प्लेट बदलली. घराजवळच्या गॅरेजात. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवतात ना?

निवृत्त_फिटर
आणि गिअरबॉक्स उतरवायला शाफ्ट उतरवतात. चार महिने दोष पोटाखाली बसून होता, तुम्ही त्याला ऐंशी दाखवलंच नाही.

रात्रपाळी
कोपरापासून नमस्कार घ्या ठाणेकरीण ताई.

गॅरेजकट्टा
गॅरेजचं नाव टाका हो. लोकांना कळू दे.

चाकरमानी
नाव टाकणार नाही. अजून शाफ्ट बघितलेलाही नाही, आणि तोच माणूस माझ्या वडिलांना भर पावसात रात्री अकराला गाडी चालू करून द्यायला आला होता. शनिवारी खाली शिरतो.

निवृत्त_फिटर
शनिवारी शिराल तेव्हा नुसत्या जॅकवर शिरू नका. घोड्या लावा, पुढच्या चाकांना दगड लावा. मग टॉर्च घेऊन स्लिप जॉइंटच्या दोन्ही बाजूंचा चिखल खरवडा. बऱ्याच शाफ्टांवर कंपनीने बाणाची खूण ठोकलेली असते, एक नळीवर, एक योकवर. दोन बाण समोरासमोर हवेत. खूण नसेल तर पट्टी दोन्ही टोकांच्या कानांना लावून बघा. क्रॉसही हाताने पिळून बघा, जरा जरी खडखड असेल तर तो पण बदला.

चाकरमानी
शनिवार, संध्याकाळी ६.४५

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिरायची हिंमत झाली नाही, सेक्रेटरी वर उभे होते. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत एक जुना मिस्त्री आहे, त्याच्या खड्ड्यावर गाडी घेतली. त्याला सगळी कथा सांगितली, तर त्याने ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाला, "पहिले देखते हैं."

स्लिप जॉइंटवर बोटभर जाडीचा चिखल, ग्रीसमध्ये मळून घट्ट झालेला, डांबरासारखा. स्क्रू-ड्रायव्हरने एक थर निघाला, मग रॉकेलचा फडका. आधी नळीवरचा बाण दिसला, पांढऱ्या रंगाचा ठिपका अजून शाबूत. मग त्याने शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला आणि योकवरचा बाण शोधत राहिला. एक दाता गेला, काही नाही. दुसऱ्या दात्यावर थांबला आणि टॉर्च माझ्या हातात दिला. तिथे होता. दोन दाते बाजूला. पट्टीबिट्टीची गरजच नाही, खड्ड्यात उभं राहून बघितलं की पुढचे कान उभे, मागचे कलंडलेले.

बोल्टवर आधी खडूने खुणा केल्या, मग शाफ्ट उतरवला. मागचा क्रॉस एका बाजूला कोरडा पडला होता. वाटी उघडली तर आत ग्रीस नव्हतं, तपकिरी पूड होती, आणि क्रॉसच्या टोकावर सुयांचे ठसे उमटलेले, नखाला लागणारे. दोन्ही क्रॉस बदलले. बाणाला बाण लावून स्लिप बसवला, निपलमध्ये ग्रीस भरलं.

दोन क्रॉस, ग्रीस आणि मजुरी मिळून एकवीसशे. आधीच्या सव्वीस हजारांशी तुलना करत नाही, डोळ्यात पाणी येतं.

मीटरगेज
अहो पण गेला का कंप?? ते सांगा आधी!

चाकरमानी
रविवार, सकाळी ८.२०

पहाटे तिसऱ्यांदा अडीचशे भरले.

आरशात दोन दिव्यांचे दोनच दिवे. ७७ वर ॲपला काही सापडत नाही, अगदी पाय दाबला तर मुंगीएवढी शेंडी. एकटा होतो तरी. आईला मुद्दाम काही न सांगता मागे बसवून नवी मुंबईच्या बाजूने परत आणलं (पुन्हा अडीचशे). तिने वाटेत विचारलं, "आज रस्ता बदललास का?"

काका, तुमचे उपकार कसे फेडू ते सांगा.

एक मात्र आहे. ३८ वर थोडंसं दिसतंय. आधीही असेल, मोठ्याखाली दबलं असेल. बुडाला जाणवत नाही, नव्वदला कान देऊन बसलो तरच.

आकडेमोड
फेरीला एकदा, म्हणजे शाफ्टचा तोल. नवे क्रॉस मध्यावर एखादा केस सरकून बसले असतील. किंवा नळीवर चिकटवलेलं पत्र्याचं वजन कधीतरी निघून गेलं असेल. शाफ्टवर घासलेल्या जागी चौकोनी डाग दिसला का?

गॅरेजकट्टा
होज क्लिपची युक्ती करा. पाइप आवळायच्या दोन क्लिपा शाफ्टच्या मागच्या टोकाला लावायच्या, स्क्रू शेजारी-शेजारी. स्क्रूचं डोकं हेच वजन. एक फेरी मारायची, मग पाव वळसा सरकवायचं, पुन्हा फेरी. कमी झालं त्या जागी दोन्ही स्क्रू थोडे फाकवून बारीक जुळवायचं. वीस रुपयांत बॅलन्सिंग.

निवृत्त_फिटर
युक्ती खरी आहे, आम्हीही केली आहे. पण यांना बुडाला काही लागत नाही, फक्त फोनला लागतंय. फोनला बरं वाटावं म्हणून गाडीखाली झोपू नये. पुढे वाढलं तर मशीनवर शाफ्ट बॅलन्स करून घ्या, क्लिपा एक्स्प्रेसवेवर सुटल्या तर भलतंच होईल.

उपकाराचं म्हणाल तर मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. गिरणीचं त्या बोलल्या नसत्या तर मीही आधी टायरच म्हटलं असतं.

आणि त्या गॅरेजवाल्याला एकदा फोन करा. भांडायला नाही. दात्यावर खूण करून मगच शाफ्ट काढ म्हणावं.

चाकरमानी
केला फोन. तो म्हणाला, "साहेब, जसा काढला तसाच बसवला." मी बाणांचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी क्लचचं काम केलेल्या पोऱ्याच्या हातून पाव किलो पेढे पाठवले. पेढे चांगले होते.

कोपरखैरणे_कर
बुधवार, रात्री ११.१५

सगळा धागा वाचला, वाचनखूण साठवली. माझ्याही गाडीला मागून कंप आहे. छोटी हॅचबॅक, पेट्रोल. माझा पण शाफ्ट काढून बघू का?

निवृत्त_फिटर
गुरुवार, सकाळी ६.००

हॅचबॅकची ताकद पुढच्या चाकांना. मागे शाफ्टच नाही, काढणार काय? तुमच्या मागे चाक, ड्रम आणि बेअरिंग, एवढाच संसार. थरथर आहे की घूं? आणि गाडी रोज चालते की उभी असते?

कोपरखैरणे_कर
थरथर. ऑफिस घरून आहे, महिनाभर उभीच होती. पनवेलच्या पुढे गेलं की बंद होते आपोआप.

ठाणेकरीण
एकाच जागी उभी राहून टायरला सपाट डाग पडलाय, गरम झाला की गोल होतो. हवा बघा, कमी असणार. चार दिवस नीट चालवा, गेला नाही तरच पुढचं बोलू. आणि नवा धागा काढा हो, इथे चाकरमानींना अजून बायकोला टायरचं सांगायचंय.